दिवसाची मीटिंग आणि रानातला रस्सा

कोल्हापूरला कामासाठी गेलेल्या बाईला काम सोडून सगळं मिळतं. दर्शन मिळतं, जेवण मिळतं, गाडी मिळते, ओटी भरून मिळते आणि 'ताई, काय लागलं तर सांगा' हे दिवसभर ऐकायला मिळतं. इतकं कौतुक माझं माझ्या माहेरीसुद्धा झालेलं नाही. तक्रार करायला तोंड उघडावं तर समोरचा माणूस त्यात पेढा घालतो. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पण हे आधी ऐकून जा.

मी नागपूरच्या एका लहान कंपनीत आहे. लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून अस्तर लागतं. पांढरी भुकटी ठोकून बसवायची आणि हळूहळू तापवून तिचा दगड करायचा, की झालं अस्तर. ती भुकटी आम्ही बनवतो. कोल्हापुरात फाउंड्र्या उदंड, पण आमचा माल तिथं कधी टिकला नाही. पश्चिम महाराष्ट्राची विक्री कुणीतरी सांभाळायला हवी होती आणि ती मला द्या म्हणून मी आमच्या सरांच्या मागे लागले होते. मी धातुशास्त्राची इंजिनीअर, कंपनीत मुरलेली. सर म्हणाले, "कोल्हापूरची एक वर्षाची ऑर्डर आण, मग बघू." आणि सोबत अनिकेतला दिलं.

अनिकेत माझ्या हाताखालचा. बी.कॉम. झालेला, गुणी, कमी बोलणारा, उंच आणि मिशीवाला. निघताना सरांनी कामाची वाटणीही करून दिली. "वैशाली, दिवसाची मीटिंग तू कर. संध्याकाळची अनिकेत करेल." संध्याकाळी काय असतं, असं मी विचारलं. "तिकडं तसंच असतं गं," एवढंच उत्तर आलं. ऑर्डर दिवसा मिळाली तर पश्चिम महाराष्ट्र माझा आणि संध्याकाळी मिळाली तर अनिकेतचा, हे न सांगता कळण्याइतकी वर्षं मी नोकरी केली आहे.

राजारामपुरी, सोमवार

रेल्वेचं काही सांगत नाही, नागपूर ते कोल्हापूर हा प्रवास ज्यानं केला त्याला माहीत आहे आणि ज्यानं केला नाही तो सुखी आहे. राजारामपुरीत हॉटेलवर सामान टाकून आम्ही मिसळ खायला गेलो. रिक्षावाल्यानं अनिकेतला विचारलं, "पावणं, कुठनं आलासा?" मी सांगितलं, नागपूरहून. तो अनिकेतला म्हणाला, "लांबनं आलासा की!"

मिसळीसोबत इथं पाव नाही, ब्रेडचे स्लाइस देतात. आमच्याकडे तर्री-पोह्यावर तर्री ओततात तशी इथं कटाची वाटी वेगळी येते. वेटरनं ती अनिकेतपुढे ठेवली आणि मला म्हणाला, "ताई, तुमाला मीडियम देतो." मी म्हटलं, तुमची सगळ्यात तिखट आहे ती आणा. आमच्या सावजीच्या काळ्या मसाल्यावर वाढलेल्या माणसाला लाल रंगाची भीती नसते. पुढचा अर्धा तास अनिकेत नाक पुसत होता आणि वेटर त्याच्याच ग्लासात पाणी ओतत होता, तेव्हा मला फार बरं वाटलं.

दुपारी पुणे रस्त्यावरच्या एमआयडीसीत गेलो. फाउंड्रीचे मालक आबा. साठीचे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात करकर वाजणारी चप्पल. आमच्या मालाची एक खेप त्यांनी मध्ये घेतली होती. त्यातलं अस्तर दोन-चार दिवसांतच फुटलं, म्हणून ते तापलेले. रास्त होतं. मी कारण विचारायला सुरुवात केली. मी बोलायची, आबा अनिकेतकडे बघून "व्हय, व्हय" म्हणायचे. मी प्रश्न विचारायची, आबा अनिकेतला उत्तर द्यायचे. अनिकेत ते उत्तर मान वळवून माझ्याकडे पाठवायचा. आमची मीटिंग अशी त्रिकोणात चालली होती.

मग आबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "ताई, अंबाबाईचं दर्शन झालं का?"

इथं माझं चुकलं. 'झालं' म्हणायला हवं होतं. मी खरं सांगितलं.

"आवं, मग आधी ते! कोल्हापुरात येऊन आईला न भेटता कारखान्यात? गाडी देतो. दर्शन करा, मग घरला जेवाय जावा, आमची मंडळी वाट बघत्यात. हे पावणं हाईत की हितं, आमी दोघं बोलतो."

अंबाबाईला नाही कसं म्हणायचं? मी उठले. पण गाडीकडे सरळ न जाता भट्टीच्या शेडमधून गेले. कोपऱ्यात फुटलेल्या अस्तराचा ढीग पडला होता. त्यातला मुठीएवढा तुकडा उचलला आणि कडेवरून बघितला. वरचा पापुद्रा खणखणीत भाजलेला आणि त्याच्या लगेच मागे कच्ची भुकटी, नखानं खरवडली तर पडणारी. मोठ्या आचेवर घाईनं भाजलेली भाकरी अशीच होते. पहिल्यांदा तापवताना कुणीतरी वेळ न देता त्यात लोखंड घातलं होतं. माल आमचा चांगला होता. मी तो तुकडा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला आणि देवीला गेले.

शिवाजी पेठ

आबांचं घर शिवाजी पेठेत, अरुंद गल्लीत, तालमीसमोर. गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती, गाडी आली तशी नाइलाजानं बाजूला झाली. दारात काकी उभ्या. आबांच्या पत्नी. ठुसठुशीत, मोठ्या आवाजाच्या. बघताच म्हणाल्या, "या, या. मी मगाधरनं वाट बघतोय!"

काकी स्वतःबद्दल बोलताना 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. कोल्हापुरातल्या कितीतरी बायका तशाच बोलतात. बोलण्यात इथं बरोबरी केव्हाच होऊन गेली आहे, राहिली आहे ती फक्त खुर्चीवर बसण्यात.

जेवणात पांढरा रस्सा होता. नारळाच्या दुधाचा, वाटीनं प्यायचा. आमच्याकडे मटणाला असं सौम्य रूप असू शकतं यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. जेवण झाल्यावर काकींनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी रागही आला, कारण ही सगळी माया मला खोलीबाहेर ठेवण्याच्या कामी येत होती. पर्समध्ये नारळाशेजारी अस्तराचा तुकडा होता. काकींनी तो बघितला.

"हे काय, दगूड?"

मी सांगितलं. का आले, काय अडलंय, ऑर्डर न घेता गेले तर मी मागितलेली जागा कुणाला जाणार, सगळं. काकी सुपारी कातरत ऐकत होत्या.

"कारखान्यात नुस्ता चा हुतोय बगा," त्या म्हणाल्या. "ठरतंय ते बुधवारी. रानात. रस्सा मंडळात."

रस्सा मंडळ म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. चार-सहा मित्र, कुणाच्या तरी शेतावर, चुलीवर मोठं पातेलं आणि मटण. स्वयंपाक पुरुष करतात. घरी पाण्याचा पेला उचलून न घेणारे पुरुष तिथं लसूण सोलतात, कांदा चिरतात, धुरात डोळे चोळत जाळ घालतात. आबांची फाउंड्री बुधवारी बंद असते, म्हणून दर बुधवारी ते जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला आपल्या रानात असतात. कुणाचा माल घ्यायचा, कुणाचा बंद करायचा, हे त्या पातेल्याभोवती ठरतं. तिथं बाई गेलेली नाही. नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणून तो मोडताही येत नाही.

संध्याकाळी हॉटेलवर अनिकेत खाली मान घालून आला. त्याला बुधवारचं बोलावणं होतं. "ताईंना रूमवर आराम करू दे म्हणाले, मॅडम. मी तिथं काय बोलू? मला पढवून ठेवा."

पढवता आलं असतं. तो चांगला पाठ करतो. ऑर्डरही कदाचित आली असती. मी खिडकीतून खाली राजारामपुरीची रहदारी बघत बसले आणि मनाशी पक्कं केलं, की माझं ज्ञान दुसऱ्याच्या तोंडून, मिशीतून गाळून, मी आता पाठवणार नाही. "तुला काही पढवत नाही," मी त्याला म्हटलं, "मी येतेय."

जोतिबाच्या पायथ्याशी, बुधवार

मंगळवारी काकींना फोन करून रानाचा रस्ता विचारला होता, पण मला पोचवायला त्या स्वतः येतील असं वाटलं नव्हतं. दुपार कलल्यावर त्या स्कूटी घेऊन हॉटेलखाली हजर. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि समोर डोंगर. काकी स्कूटी अशी चालवत होत्या की ट्रकवाल्यांनी वाट दिली.

बांधाशी त्यांनी गाडी थांबवली. झाडांमागून धूर दिसत होता.

"तुम्ही नाही येत?"

"न्हाय. मी गेलो तर घरचं भांडण हुईल. तुम्ही गेलासा तर काम हुईल. मी वर जोतिबाला जाऊन येतो." आणि त्या गेल्यासुद्धा.

मी बांधावरून चालत गेले. पायात काटे, हातात पर्स. आंब्याच्या झाडाखाली सहा-सात पुरुष, मध्ये चूल, चुलीपाशी पळी घेऊन आबा. अनिकेत एका बाजूला लसूण सोलत होता. मला बघून आबा पळी घेऊनच उठले.

"ताई? काय अडलं काय?"

"नाही आबा. मीटिंगला आले."

"ही मीटिंग न्हाय. जेवाण हाय."

"मग जेवायला आले. कोल्हापुरात आलेला पाहुणा उपाशी परत पाठवतात का?"

कुणीतरी फसकन हसलं. आबांना हा पेच सोडवता येईना. पाहुण्याला परत पाठवणं म्हणजे गावाची अब्रू. "बसा की," ते म्हणाले. मग जरा सावरून, मोठ्या मनानं, "आलाईसा तर फोडणी तुमच्याच हातची हुंद्या."

सगळे 'व्हय, व्हय' म्हणाले. त्यांना वाटलं मान दिला. "बाईच्या हातची फोडणी तुम्ही रोज खाता, आबा," मी म्हटलं. "इथं ज्याला त्याला जे काम देता तेच मला द्या." आणि अनिकेतशेजारी बसून लसूण सोलायला घेतला. माझा वेग त्याच्यापेक्षा कमी होता, हेही कबूल करते.

रस्सा उकळायला लागला आणि मी एक गंमत बघितली. एकेक जण पाण्याच्या ड्रमामागे जाऊन यायचा. तिथं कागदाची पुडी होती. चिमूट घ्यायची, मुठीत धरायची आणि परत यायचं. मला वाटलं तंबाखू. पण फाउंड्रीचे मिस्त्री परतताना त्यांच्या मुठीतून जरा सांडलं, ते पांढरं होतं.

मग आबांनी पहिली वाटी भरली. रश्श्याचं मीठ मुख्य पाहुण्यानं बघायचं, अशी त्यांची रीत. वाटी माझ्या नाकासमोरून अनिकेतकडे गेली. अनिकेतनं घोट घेतला. "एक नंबर, आबा."

"नाद खुळा!" मिस्त्री म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"मला द्या," मी म्हटलं आणि हात पुढे केला. अनिकेतनं वाटी दिली. रस्सा सुरेख होता. वास, रंग, चव, सगळं. फक्त मीठ जवळपास नव्हतंच. तेव्हा ती पुडी काय ते कळलं.

"आबा, मीठ कमी आहे."

एक जण वर झाडाकडे बघायला लागला. मी गप्प बसले असते तर तिथंच संपलं असतं, म्हणून पर्स उघडली. नारळ बाजूला केला आणि रुमाल सोडून तो तुकडा आबांसमोर ठेवला.

"आणि तुमच्या भट्टीचं हे असं झालंय. वरून भाजलंय, आत कच्चं आहे. माल वाईट नव्हता. पहिल्यांदा तापवताना घाई झाली. हेही तुम्हाला इथं कुणी सांगितलेलं नाही."

आबांनी तुकडा उचलला. नखानं खरवडला. भुकटी त्यांच्या पांढऱ्या पँटवर पडली. मग मिस्त्रींकडे बघितलं.

मिस्त्री चुळबुळले. "तवा माल न्यायला गाडी उभी हुती, आबा. तुमीच म्हणलासा, घाला. मी काय म्हणणार?"

आबांनी पळीनं रस्सा घेऊन तळहातावर टाकला आणि चाटला. "कमी हाय," ते शेवटी म्हणाले. "कवाधरनं आळणी लागतोय?"

"वहिनींनी बीपीसाठी शपथ घातली आन् तुमी मीठ कमी केलंसा तवापासनं," झाडाकडे बघणारा म्हणाला. "आमी आपलं वरनं घेतो."

"आन् येकानं बी सांगितलं न्हाय?"

कुणी सांगणार? आबा सगळ्यांचे मोठे. त्यांच्या रश्श्याला आणि त्यांच्या 'घाला'ला हरकत घ्यायची नाही, हाही एक न लिहिलेला नियम होता आणि तो पाळणारे सगळे पुरुष होते. मला त्या क्षणी त्यांची जरा दयाच आली.

आबा अनिकेतकडे वळले. "मग पावणं, आता कसं करायचं?"

अजूनही अनिकेतकडेच! माझ्या तोंडात शब्द आला होता, पण अनिकेत आधी बोलला. "मला यातलं कळत नाही, आबा. मॅडमना विचारा."

आबांनी मला विचारलं नाही. चुलीतलं लाकूड पुढे सारत, जाळाला सांगितल्यासारखं म्हणाले, "उद्या येक भट्टी रिकामी हाय. बसवा."

"बसवते," मी म्हटलं. "पण तापवताना मी तिथं उभी राहणार. आणि मी सांगेपर्यंत लोखंड घालायचं नाही. कुणीच नाही. तुम्हीसुद्धा."

"जेवा आता," आबा म्हणाले. मी पोटभर जेवले. पुडी ड्रमामागून आणून सगळ्यांच्या मध्ये ठेवली गेली.

दिवेलागणीला काकी कपाळभर गुलाल लावून आल्या. बांधावरनं निघाल्यावर काय झालं ते मी सांगितलं, तशी त्यांनी करकचून ब्रेक दाबला. "आगं बया! मीठ कमी हाय म्हणून सांगितलंसा? आवं, ते मी जाणूनबुजून कमी करवलंतं!" बराच रस्ता त्या माझ्यावर रागावून गप्प होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं, माणसाचं बीपी हा काही माझ्या ऑर्डरचा विषय नव्हता. मी माफी मागितली. मग ऊस संपून शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. "पण तोंडावर सांगितलंसा व्हय! बरं झालं. मीठ मी परत काढून घेतो."

भट्टीजवळ

गुरुवारी सकाळी आबांकडे उरलेली आमच्याच खेपेतली भुकटी ठोकून बसवली. शेडच्या केबिनमध्ये माझ्यासाठी पंख्याखाली खुर्ची ठेवली होती. "ताई, हितं बायका थांबत न्हाईत, लई धग असत्या," मिस्त्री म्हणाले. मी खुर्ची उचलून भट्टीजवळ आणली. बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसमागे आणि त्याची किल्ली आबांच्या टेबलाच्या खणात. पाणी न पिता दिवस काढायचा की मालकाकडे किल्ली मागायची, या पेचात किती बायका गप्प राहिल्या असतील कोण जाणे. मी भर ऑफिसात किल्ली मागितली, ती मिळाली, आणि मी ती परत दिली नाही. ऑफिसात एक मुलगी टायपिंग करत होती, जाताना तिच्याकडे दिली.

तापवणं हे कंटाळवाणं काम आहे. दर थोड्या वेळानं आच जराशी वाढवायची आणि थांबायचं. दुपारी बाहेर ट्रक येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवायला लागला. आबा शेडच्या दारात आले. "मिस्त्री, घाला की!"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

"ताई म्हणत्यात न्हाय," मिस्त्री म्हणाले. आबांकडे न बघता, पण म्हणाले.

आबा पाय आपटत गेले. परत आले. परत गेले. मला घाम फुटला होता आणि तो नुसत्या धगीचा नव्हता. आता मी चुकले तर पश्चिम महाराष्ट्र तर गेलाच, वर 'बाई मध्ये पडली' हे कायमचं झालं असतं. तरी मी उठले नाही. माल मला माहीत होता.

ऊन कललं तेव्हा आबा परत आले. चप्पल करकरली, पण या वेळी दारात थांबली नाही. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, भट्टीत वाकून बघितलं आणि मग मान वळवून, सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "म्याडम, घालूया का आता?"

ताईची मॅडम झाली होती. मला अंबाबाईसमोर आलं नव्हतं ते पाणी इथं डोळ्यात आलं. धगीवर ढकलता आलं, हे बरं.

"घाला," मी म्हटलं.

अस्तर टिकलं. खात्री व्हावी म्हणून मी आठवडाभर मुक्काम वाढवला. रोज सकाळी मिसळ खाऊन शेडवर जायची आणि आबा भट्टीचं जे काय असेल ते मलाच विचारायचे. शेवटच्या दिवशी वर्षाच्या मालाचं पक्कं केलं आणि वर म्हणाले, "बुधवारी कोल्हापुरात असलासा तर रानाकडं या. न बोलवता येतासाच म्हणा."

मी ऑफिसातून बाहेर पडतेय तोच सरांचा फोन आला. आवाज खुशीत होता. त्यांचं आबांशी बोलणं झालं होतं, ऑर्डर झाली एवढं कळलं होतं.

"शाब्बास! अनिकेतनं मारलं मैदान. त्याचा फोन लागत नाही. जरा त्याला दे, काय काय ठरलं ते विचारून घेतो."

"अनिकेत अंबाबाईच्या दर्शनाला गेलाय, सर. आबांनी गाडी दिलीय."

"अगं, मग ऑर्डरचं मी विचारू कुणाला?"

"मला विचारा," मी म्हटलं. "आणि विचारून झालं की फोन ठेवू नका. पश्चिम महाराष्ट्राचं 'मग बघू' म्हणाला होतात. मी लाइनवर आहे. बघा."